ओल्या कापसातला हरभरा

सहावीतल्या मुलीला शाळेत दाखवायला ओल्या कापसात हरभरा रुजवायचा होता. मी ऐटीत घरच्या शेतातला मूठभर कापूस काढून दिला. काही दिवसांनी वाटीत चांगली रुंद पानं आली.

"बाबा, हरभऱ्याचं पान तं बारीक राह्यते ना?"

"लहानपणी असंच असते," मी ठोकून दिलं. आत मात्र माझाच गोंधळ उडाला होता.

बायकोनं कापूस उकलला. हरभरे कुजले होते.

"आवो, मेडिकलमधला कापूस द्याचा होता. हा सरकीवाला काऊन देल्ला?"

म्हणजे कापसातून कापूसच उगवला होता!

"मंग उद्या मॅडमले काय सांगू?" मुलगी रडकुंडीला आली. शेवटी तिनंच वाटीवर चिठ्ठी चिकटवली: 'सरकी पास, हरभरा नापास.'