दाजींनी काढून ठेवलेलं चाक

अक्काचा फोन आला तेव्हा मी कुंडलला उसाच्या फडात उभा होतो. तोडणीवाले बुडखे वर ठेवून ऊस तोडत होते, त्यावरनं त्यांच्या मुकादमाशी माझी जुंपली होती. फोन कानाला लावूनही मी त्याच्यावरच ओरडत होतो. अक्का म्हणाली, "बापू, ह्यांना काय झालंय बघ की रं. बागेत बसल्यात ते उठंनात." आवाजात रडू नव्हतं, काहीच नव्हतं. कडेगावला अक्काच्या घरी मी कसा पोचलो, कुठल्या रस्त्यानं गेलो, विचाराल तर सांगता येणार नाही. दाजी लिचीच्या झाडाला पाठ टेकून बसले होते. टोपी डोक्यावर सरळ होती, खुरपं मांडीवर होतं. डॉक्टर येऊन, बघून गेले होते. आदल्या संध्याकाळी ह्याच माणसानं मला फोन करून सांगितलं होतं, "पाव्हणं, थंडी झकास पडलीया. औंदा बघा तुमी." संध्याकाळी औंदा बघा म्हणतो आणि सकाळी नाही... ह्याला काय म्हणायचं? सहा आठवडे होऊन गेले, माझ्या डोक्यात हे अजून शिरलेलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. फौजेत वीस वर्षं काढली, शेवटची नेमणूक डेहराडूनकडं होती. तिथल्या एका बंगल्याच्या आवारात त्यांनी लिचीची झाडं बघितली आणि माणूस खुळावला. निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांना उतरवून घ्यायला आम्ही सगळे कराड स्टेशनवर गेलो होतो. फौजेतनं येणारा माणूस ट्रंक आणतो, कांबळी आणतो, आणखी काय काय आणतो ते मी लिहीत नाही. ह्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली कलमं आणली आणि दोन पोती माती. माझे वडील पोत्यात हात घालून बघत राहिले. "आवं जावईबापू," ते म्हणाले, "आपल्याकडं माती कमी हाय व्हय?" दाजींनी शांतपणे सांगितलं की ही जुन्या लिचीच्या बुडातली माती आहे, नव्या झाडाच्या आळ्यात हिच्या दोन मुठी टाकल्या की मुळांना परकं वाटत नाही. वडिलांनी पोत्यांची तोंडं पुन्हा बांधली. अक्का तेवढी पदर तोंडाला लावून हसत होती.

मी तर उघडच हसलो. जिकडं बघावं तिकडं ऊस, आणि हा गडी मधोमध चाळीस लिच्या लावून बसला. उन्हाळ्यातल्या झळा अडवायला त्यांनी बांधाला शेवरी लावली. फळ धरल्यावर साल तडकू नये म्हणून चैत्र-वैशाखातल्या दुपारी बागेत बारीक फवारे सोडायचे. वटवाघळांसाठी जाळ्या बांधल्या. सहाव्या वर्षी पहिली फळं लागली, तेव्हा मला झाडाखाली उभं करून त्यांनी स्वतः एक सोलून दिली. मी खाल्ली आणि गप्प बसलो. माझं गप्प बसणं म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढं माल सांगलीच्या बाजारात जायला लागला. लिची झाडावरनं काढली की पुढं पिकत नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिचा लाल रंग तपकिरी होतो. म्हणून दाजी पहाटे दोन-चार पानांसकट घड तोडायचे, ओल्या फडक्यात झाकायचे आणि नऊच्या आत सांगली गाठायचे. तिथले व्यापारी त्यांना 'मेजर' म्हणायचे. दाजी हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण त्यांनी कधी दुरुस्ती केली नाही. एवढी एक हौस होती त्यांची.

आता जे लिहिणार आहे, ते लिहायचं का नाही ह्यावर मी पंधरा दिवस काढले. तीन हिवाळ्यांपूर्वी सांगलीच्या एका दवाखान्यात दाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अक्का त्यांच्याजवळ होती. बागेवर मी. जाताना त्यांनी मला बजावलं होतं, "रोज एक चक्कर मारा. करायचं काय न्हाई, नुसतं बघायचं. मोहर फुटूस्तोवर पाण्याचा थेंब द्यायचा न्हाई." लिचीला हिवाळ्यात तहान लागावी लागते. थंडी आणि तहान दोन्ही सोसली तरच ती मोहरते. मध्येच पाणी मिळालं की नुसता पाला फुटतो आणि ते साल हातचं जातं. हे त्यांनी मला दहादा सांगितलेलं होतं. मला कळत नव्हतं असं नाही.

पण आमचा भाग कसा आहे बघा. कडेगावच्या माणसांनी जन्मभर आभाळाकडं बघून शेती केली. मग उपसा सिंचन योजनेचं पाणी डोंगर चढून आलं, तेव्हा म्हाताऱ्या बायका पहिल्या दिवशी कॅनॉलला हळद-कुंकू वाहायला गेल्या होत्या. तेव्हापासून पाणी सुटलं आणि एखाद्यानं घेतलं नाही, तर त्याला लोक येडा म्हणतात. आणि मी कुंडलचा, उसात वाढलेला. दाजी दवाखान्यात असतानाच कॅनॉलला पाणी सुटलं. दाजींचं शेततळं काठोकाठ भरलं. लिचीची पानं मलूल होऊन खाली वळली होती. माणूस तिकडं खाटेवर आणि त्याची झाडं इकडं पाण्यावाचून... मला बघवेना. तळ्यातनं येणाऱ्या पाइपला बागेच्या तोंडाशी व्हॉल्व्ह आहे, त्याचं चाक मी फिरवलं. चाळीसही आळी तुडुंब भरली तेव्हाच बंद केलं.

पंधरा दिवसांत बाग तांबूस कोवळ्या पालवीनं भरून गेली. दिसायला अशी देखणी, की मी येडा खूश झालो होतो. दाजी काठी टेकत घरी आले, बागेत गेले, त्या पालवीकडं बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "चला, चहा घेऊ." त्या साली एक फळ लागलं नाही. गावात ज्यानं त्यानं ऐकवलं की लिची आपल्याकडची नव्हंच, आता ऊस लावा. दाजी प्रत्येकाला एकच सांगायचे, "औंदा थंडी कमी पडली." मी शेजारी उभा असायचो. पुढच्या साली पहिला घड हातात आला की सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. घड आला, मी सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या सालीही नाही. एवढा तोंडाळ माणूस मी, पण तिथं माझी दातखीळ बसायची.

त्यानंतर दर हिवाळ्यात दाजी व्हॉल्व्हचं चाक काढून घरात ठेवायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "चोऱ्या लय वाढल्यात." बिडाचं गंजकं चाक कोण चोरतंय, असं मनात आलं होतं. पण मीच चोर. जास्त विचारणार कसा?

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर अक्कानं मला माजघरात बोलावलं. फडक्यात बांधलेलं काहीतरी जड माझ्या हातात दिलं. "हे तुझ्याकडं ठेव. ह्यांनी म्हनलं हुतं, मी नसलो तर हे बापूलाच द्यायचं." मी फडकं सोडलं. चाक होतं.

"मलाच का?" मी विचारलं.

"तू पाणी दिलं हुतंस न्हवं त्या साली," अक्का म्हणाली. अगदी साधं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

मग तिनं सगळं सांगितलं. दाजींना पहिल्या दिवशीच कळलं होतं. सगळ्या आळ्यांत हिरवं गवत उगवलं होतं, आणि पाऊस तर पडलेला नव्हता. घरी येऊन ते अक्काला म्हणाले होते, "त्याला काय बोलू नगंस. मायेनं दिलंय त्यानं." आणि हे चाक माझ्याकडं का, तेही सांगून ठेवलं होतं. "फौजेत ज्याच्या हातनं एकदा चुकून गोळी सुटती, तो पुढं बंदूक सगळ्यात जपून धरतो." थंडीचं कारण पुढं करून ह्या माणसानं तीन सालं माझी चूक गावापासनं झाकली, आणि मी समजत होतो की ह्यांना काही पत्ताच नाही. दाजी गेले त्या सकाळी मला धक्का बसला होता. पण त्या दिवशी माजघरात जे झालं, त्यातनं मी अजून उठलेलो नाही. माफी मागायला आता माणूस कुठनं आणू?

परवा कॅनॉलला पाणी सुटलं. मी कडेगावला गेलो. शेततळं भरलेलं, आणि चाळीस लिच्या पानं खाली घालून उभ्या. ज्या झाडाखाली ते गेले, त्याच्या बुडाशी मी बसलो. अक्का चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या झाडांकडं बघत राहिली. दाजींबरोबर इतके हिवाळे काढलेली बाई, तिला सगळं माहीत आहे. तरीही ती हळूच म्हणाली, "बापू, जरासं देऊया का रं? लय सुकल्यात."

"चाक घरीच ऱ्हायलं, अक्का," मी म्हणालो.

चाक माझ्या पिशवीत होतं. निघताना का घेतलं होतं, ते माझं मलाच माहीत. चहा पिऊन होईपर्यंत मी पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. आता हे वाचून अक्काला कळेल. कळू दे. तोवर मोहर फुटलेला असला म्हणजे झालं.