मालगुजारीणबाईंचं चित्र

आमचे हे बालाघाटच्या शाळेत ड्रॉइंगचे मास्तर, पण जीव अडकला होता तीनशे वर्षांपूर्वीच्या एका स्पॅनिश चित्रकारात. नागपूरला शिकताना एका जुन्या पुस्तकात त्याची चित्रं पाहिलेली, तीही काळीपांढरी. तो तरुणपणीच राजाच्या पदरी राहिला आणि मरेपर्यंत त्याच राजाचा चेहरा काढत राहिला. राजाची पुढे आलेली हनुवटी त्याने लपवली नाही की वयाबरोबर उतरत गेलेला चेहरा सावरला नाही. दरबारातले बुटके विदूषकही तितकंच मन लावून रंगवले. वर राजवाड्यातल्या खोल्यांची आणि सरपणाची व्यवस्था त्याच्याच गळ्यात. "म्हणजे तुमच्यासारखंच," मी म्हणायची, "चित्रंही काढा आणि हेडमास्तरांचं फाटकही रंगवा." ह्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. खैरलांजीकडच्या एका मालगुजारांचा, म्हणजे जुन्या जमीनदारांचा, निरोप आला. मालगुजारी कायद्याने कधीच गेली होती, पण लोकांच्या तोंडून गेली नव्हती. त्यांची बायको वारून बरीच वर्षं झालेली आणि तिचा एकही फोटो नाही, कारण त्या घरच्या बायका कॅमेऱ्यासमोर उभ्या राहत नसत. आता मालगुजारांची नजर मंदावत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"मास्तर, डोळे जायच्या आंधी मले एकडाव तिचं तोंड पाहाचं हाय," ते म्हणाले.

न पाहिलेली बाई काढायची कशी? तोडगा त्यांनीच काढला. पोरगी आईवर गेली आहे, तिला बसवा. ही मुलगी चाळिशीला टेकलेली. आई गेल्यावर घर सांभाळता सांभाळता तिचं लग्न राहून गेलं होतं. पण परक्या पुरुषासमोर त्या घरची बाई एकटी कशी बसेल? म्हणून ह्यांच्याबरोबर मलाही बोलावणं. दिवाळीची सुट्टी मी त्यांच्या उंबऱ्याशी लाखोळीची डाळ निवडत काढली. फुकटची पहारेकरीण!

आईचं लुगडं नेसून, तिचे दागिने घालून ती बसायची. बसायची कसली, घडीघडीला उठायची. कधी गड्यांच्या भाकरी, कधी वडिलांचं औषध. एका दुपारी तर बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला. हे मात्र हात न थांबवता काढत होते.

चित्र पुरं होत आलं तेव्हा मी वाकून पाहिलं. डोळ्यांखाली काळं, तोंडाच्या कडा ओढलेल्या. "अहो, जरा हसरी करा. म्हातारा बायकोला पाहायला बसलाय," मी म्हटलं.

"समोर नाही ते माझ्या हातून उतरत नाही," हे म्हणाले. ह्यांच्या हट्टापुढे ब्रह्मदेवाचंही चाललं नसतं.

मुलीनेही चित्र पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "मास्तर, हे बाबाले नोका दाखवू. मायी आई अशी नोहती दिसत. ते आस लावून बसले हायेत."

पण मालगुजार तोवर भिंत धरत बाहेर आलेच. उन्हात खाटेवर बसले, चित्र मागून घेतलं आणि नाकाशी धरून तुकड्या-तुकड्याने पाहू लागले. आधी कपाळ, मग डोळे, मग तोंड. आता मालगुजार आपल्याला हाकलणार, असंच मला वाटलं.

"हे ते नोहे," ते म्हणाले. पण चित्र खाली ठेवलं नाही. पुन्हा पाहिलं. मग दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे मान वळवली.

"हे तर तू हायेस. इतकी थकली कवा तू? मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी कवा पाह्यलं, बाबा?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते ऐकवेना.

मालगुजारांनी चित्र बाजूला ठेवलं. तिला जवळ बोलावून तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अगदी डोळ्यांशी नेऊन पाहू लागले. आधी कपाळ, मग डोळे. ती वाकून तशीच उभी राहिली, रडत, आणि या वेळी कुठल्याच कामासाठी हलली नाही.