पोर अक्कांकडे होती तेव्हा

धाकट्याला डबा, म्हणजे तान्ह्यांना होणारा छातीचा आजार, झाला तेव्हा तो चार महिन्यांचा होता. आधी नुसतं नाक गळत होतं, मग दोन दिवसांत छातीचा भाता झाला; दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडायचा. अमळनेरजवळच्या आमच्या खेड्यातून त्याला धुळ्याच्या दवाखान्यात नेला. तिथे आजारी मुलाजवळ एकच बाई राहणार, दुसरं लेकरू आत नाही, असा नियम. अडीच वर्षांची पोर मी मोठ्या जावेकडे, अक्कांकडे, टाकून गेले. टाकून हाच शब्द खरा.

थंडीचे दिवस. वार्डात खाटोखाट तसलीच धापा टाकणारी लेकरं. शेगडीवर किटली वाफ सोडत असायची आणि आम्ही आया भिंतीला टेकून एकमेकींच्या पोरांचे श्वास ऐकत बसायचो. खाट रिकामी झाली की ती का झाली, हे कुणी विचारत नसे. धाकटा सुधारायचा, पुन्हा घसरायचा. पौषात गेलेली मी, माघ उलटायला आला. पोरीची आठवण आली की मी ती झटकून टाकायची. इकडचा जीव जाईल या भीतीत तिकडचा जीव आठवणंही मला चैन वाटायची. आता वाटतं, कसली आई मी!

धाकटा वाचला. घरी पोचलो तर पोर अक्कांच्या मांडीवर बसली होती. मी हात पुढे केले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अक्कांच्या पदरात तोंड खुपसलं. शेजारीण हसली, "माय मरो, मावशी जगो!" मलाही हसावं लागलं, पण अंगाची आग झाली. मी मुळातच तापट. पोरीचा दंड धरून ओढलाच.

"माय! माय!" ती किंचाळली. हाक मला नव्हती.

अक्कांना मूलबाळ नव्हतं. इतके दिवस त्यांनी तिला न्हाऊमाखू घातलं, कुशीत निजवलं, आणि मी आल्या आल्या हिसकावून घेत होते. हे मला तेव्हाही कळत होतं, पण हात सुटेना. शेवटी अक्कांनीच पदरात रुतलेली तिची बोटं हळूहळू सोडवली.

"ले, तुनी पोर तुले," त्या म्हणाल्या. "रडी-रडी निजी जाई."

तशीच निजली ती, माझ्याकडे पाठ करून. अक्का दारापर्यंत येऊन तिला बघून गेल्या. "आजची रात्र तिला तुमच्याजवळच निजू द्या," एवढंच मला म्हणायचं होतं. मी डोळे मिटून घेतले आणि झोपेचं सोंग केलं.