जिराफाची मान कोणी ताणली

ऐन परीक्षेच्या तोंडावर दाढ ठणकली नसती, तर जीवशास्त्राच्या बाई सुखासमाधानाने निवृत्त झाल्या असत्या.

दातांचा डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने खुर्ची कलती केली, दिवा तोंडावर ओढला, गालात कापूस कोंबला आणि बाईंची बोलती पुरती बंद झाल्यावर मदतनिसाला सांगू लागला, "या आमच्या जिराफबाई. उत्क्रांती शिकवावी तर यांनीच. कपाटावरचा खडू काढायला अशी मान ताणायच्या, की अख्खा वर्ग लोळायचा. अजून लक्षात आहे माझ्या. उंच पाल्यासाठी जिराफाने मान ताणली, ताणून ताणून ती लांब झाली, मग पिल्लंही लांब मानेची निपजली. दहापैकी दहा होते मला."

बाईंनी निषेध नोंदवला. बाहेर पडला तो नुसता "आँ".

"दुखतंय? झालंच हं, बाई."

दुखत होतं खरं, पण दाढेत नव्हे. त्याने सांगितली ती समजूत साफ चुकीची होती, आणि ती चुकीची आहे हे पटवण्यासाठीच बाई मान ताणत असत. आधी चूक करून दाखवायची, मग ती खोडून काढायची, अशी त्यांची पद्धत. त्या सोंगावर शाळा जीव टाकायची. थोरल्या भावंडांकडून ऐकून धाकटी भावंडं वर्षभर त्या तासाची वाट पाहायची. मुलांनी ठेवलेलं नाव बाईंना ठाऊक होतं, आणि आतून ते आवडतही होतं. नवऱ्याने आयुष्यात कौतुकाने एकही टोपणनाव न ठेवल्यामुळे असेल कदाचित.

दुसऱ्या दिवशी सुजल्या गालाने त्यांनी अ तुकडीला एकच प्रश्न घातला. या तुकडीला धडा नुकताच शिकवून झाला होता आणि चाचणीत 'नैसर्गिक निवडीची व्याख्या लिहा' याला झाडून सगळ्यांना पैकीच्या पैकी होते. नवा प्रश्न असा: तपकिरी मातीवर हिरवे आणि तपकिरी किडे राहतात. पक्ष्यांना हिरवे चटकन दिसतात. बऱ्याच पिढ्यांनंतर तिथे जवळपास सगळे किडे तपकिरी आहेत. हे कसं झालं?

उत्तरपत्रिका त्यांनी जेवणाच्या टेबलावर तपासल्या. किड्यांनी धोका ओळखून रंग बदलला होता. किड्यांनी जिद्द सोडली नव्हती. एका उत्तरात किड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मेहनत केली होती आणि त्यांना मेहनतीचं फळ मिळालं होतं. हिरवे बिचारे खाल्ले गेले आणि तपकिरी उरले, त्यांचीच प्रजा वाढली, असं लिहिणारे वर्गात मोजकेच निघाले.

नवऱ्याने भात कालवता कालवता दोन-चार कागद वाचले. "किडे तुझ्या विद्यार्थ्यांपेक्षा कष्टाळू दिसतात," तो म्हणाला. मग बायकोचा चेहरा पाहून म्हणाला, "अगं, एका पेपरने काय होतंय? दहापैकी दहा मिळालेत ना त्यांना?"

"तेच तर," बाई म्हणाल्या.

मेहनतवालीला त्यांनी मधल्या सुट्टीत बोलावलं. पोरगी हुशार, व्याख्या तर बाईंपेक्षा भरभर म्हणायची.

"किड्यांनी मेहनत केली, हे कुठून आणलंस?"

"जिराफासारखंच ना, बाई. तुम्हीच तर करून दाखवलंत."

"आणि ते चूक आहे, हे कोणी सांगितलं?"

पोरगी ओशाळली. "सांगितलं असेल बाई तुम्ही. पण तेव्हा सगळे हसत होते."

बाईंनी त्या दिवशी डबाही उघडला नाही. शिक्षकांच्या खोलीत लोकांनी ते दाढेवर लोटलं. खोडून काढायचं वाक्य त्या दर वर्षी न चुकता म्हणत आल्या होत्या, आणि दर वर्षी ते हशात वाहून जात होतं. जिराफ काढून टाकला तर आपल्यात मुलांनी लक्षात ठेवावं असं उरतं काय, हा प्रश्न त्यांनी आजवर स्वतःला घातला नव्हता.

ब तुकडीचा तो धडा सोमवारी होता. भिंतीपलीकडून अ तुकडीचं खिदळणं ऐकलेली ती पोरं आधीच तोंडं फाकवून बसली होती. बाईंनी कपाटाकडे पाहिलंच नाही. त्यांनी एक जुनं पोतं जमिनीवर अंथरलं, त्यावर हिरव्या आणि तपकिरी लोकरीचे तुकडे विखुरले आणि मुलांना पक्षी करून टिपायला लावलं. घाईघाईत हिरवे भराभर टिपले गेले. उरलेल्यांची प्रजा म्हणून प्रत्येक तुकड्याशेजारी त्याच रंगाचे आणखी तुकडे टाकले. पुन्हा पक्षी आले. शेवटी पोत्यावर तपकिरीच तपकिरी.

"कोणी रंग बदलला का?" बाईंनी विचारलं.

"नाही," वर्ग म्हणाला. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, जिराफ कधी?"

"जिराफ आजारी आहे."

कोणी हसलं नाही. घंटा झाली तेव्हा पोरं हिरमुसली होऊन बाहेर पडली. बाई एकट्याच लोकर वेचत बसल्या. वर्ग इतका शांत सोडायची त्यांना सवय नव्हती.

तोच प्रश्न ब तुकडीलाही घातला. किडे काही ठिकाणी अजून मेहनत करत होते, पण निम्म्याहून जास्त कागदांवर हिरवे मुकाट्याने खाल्ले गेले होते. बाईंनी एरवी इतक्या आनंदाने कोणाचं मरण वाचलं नव्हतं.

दाढेवर टोपी बसवायला पुन्हा जायचं होतं. डॉक्टरने दिवा ओढला. "आ करा, बाई."

"आधी मी बोलते, मग आ करते," म्हणून त्यांनी सांगून टाकलं: काही जिराफ जन्मतःच जरा लांब मानेचे होते. पाला त्यांना पुरला, पिल्लंही त्यांनाच जास्त झाली.

डॉक्टर हातात आरसा घेऊन उभाच राहिला. "म्हणजे मान ताणली नव्हती?"

"ताणली होती की. पण मी."

त्याने जरा विचार केला. "मग दहापैकी दहा कसे दिलेत मला?"

बाईंनी आ केला.