काकूंनी दाखवलेली घरं

सोसायटीत कुणाचं घर विकायला निघालं की पलीकडच्या काकू आधी त्या घरातले मेलेले लोक हलवत. हार घातलेले आजोबा, पणजी, तरुणपणी गेलेले मामा, सगळ्यांना भिंतीवरून उतरवून, जुन्या चादरीत गुंडाळून त्या स्वतःच्या माळ्यावर नेऊन ठेवत. "घेणाऱ्याला वाटतं, इथे माणसं फार जातात," हे त्यांचं कारण. आमच्या सुभानपुऱ्यातल्या सोसायटीत मराठी कुटुंबं पुष्कळ होती आणि त्यांतल्या बहुतेकांचे पूर्वज बडोदं सोडण्याआधी काकूंच्या माळ्यावर मुक्काम करून गेले.

पलीकडच्या म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या. त्यांचं आणि आमचं टेनामेंट, म्हणजे बैठं घर, एकाच भिंतीला टेकून उभं होतं. काका लवकर गेले, मुलगी लग्न होऊन अमेरिकेत. घरं विकून देणं हा काही त्यांचा धंदा नव्हता. दलाल वेगळा असे आणि तो त्यांना वचकून असे. गिऱ्हाईक यायच्या दिवशी काकू सकाळीच पदर खोचून हजर होत. हिंचक्याच्या म्हणजे झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालत, औषधांच्या बाटल्या आणि कॅलेंडरं कपाटात कोंबत आणि घरातल्या बाईला काहीतरी आणायला मांडवीच्या बाजारात पिटाळत. "बायका भिंतीला हात लावून रडतात. मग समोरच्याला वाटतं, काहीतरी लपवतायत."

"घरात माणूस राहतं हे दिसायला हवं. कोण राहतं ते दिसता कामा नये," असं त्या म्हणत. फाटक वाजलं की त्या तुपात रवा भाजायला घेत. शिरा मिळेलच असं नसे, वास मात्र मिळे. मासे खाणाऱ्या घरात आठवडाभर आधीपासून मासळी बंद. घेणारा बहुधा गुजराती, शाकाहारी, आणि नाकाने तयार. स्वतः काकू कायस्थ, सुक्या बोंबलांवर जीव. पण शेजारी घर दाखवायचं असलं की त्याही निमूटपणे वरणभात खात.

तेव्हा मुलं पुण्याला नाहीतर परदेशी कंपन्यांत लागत होती आणि मागोमाग आईवडील घरं विकून जात होते. काकूंनी तयार केलेलं घर विकलं गेलं नाही, असं कधी झालं नाही. त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. त्यांच्या महिला मंडळाला एके काळी सतरंजी पुरत नसे. शेवटी काकू अध्यक्ष आणि माझी आई सभासद, अशा दोघीच उरल्या. सभा मात्र रोज भरे, दुपारच्या चहाला, आमच्या हिंचक्यावर.

मग आमचं घर निघालं. माझे वडील, दादा, प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झालेले. काचबिंदूने एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या बेतात, आणि स्कूटर चालवणं चालूच. मला ते आणि आई पुण्याला माझ्याजवळ हवे होते. घर विकल्याशिवाय दादा हलायला तयार नव्हते, म्हणून मी रजा काढून आलो. काकू आल्या, आमचे आजोबा गुंडाळून घेऊन गेल्या, घर लख्ख केलं आणि रवा आईच्या हवाली करून घरी गेल्या. पाहुणे हिंचक्यावर बसले आणि भिंतीपलीकडून सुके बोंबील भाजल्याचा वास आला.

पाहुण्या बाईंनी पदर नाकाला लावला. आम्ही अंड्यालाही न शिवणारे लोक. दादांनी घाईघाईने खुलासा केला की वास आमचा नाही, शेजारचा आहे. म्हणजे घर घेतल्यावरही तो राहणारच, हे त्यांनी स्वतःच पटवून दिलं. पाहुणे पाणी न पिता गेले.

काकूंना विचारलं तर त्या आपल्या बडोदी मराठीत म्हणाल्या, "अरे, आज बुधवार ने? बुधवारी मी खातेच." पुढचे लोक मुद्दाम शुक्रवारी बोलावले. शुक्रवारीही काकू खातच. मी आईला म्हटलं, जरा बोल त्यांच्याशी. आई म्हणाली, "त्यांच्या घरात त्यांनी काय खावं, हे आपण कोण सांगणार?" आणि चहाचं आधण ठेवायला उठली. घर विकू नये या बाजूने दोन मतं आहेत आणि त्यांतलं एक आमच्याच घरात आहे, हे मला तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात दादा मांडवीहून येताना स्कूटर घेऊन भाजीच्या लारीत, म्हणजे हातगाडीत, शिरले. लारीवाल्यानेच त्यांना रिक्षात घालून घरी आणलं. कोपर फुटलेलं, गुडघे सोललेले, चष्मा कुठेतरी पडलेला. "लारी दिसलीच नाही रे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं आणि मलाही धीर देणं सुचत नव्हतं. काकू दारात उभ्या होत्या. जखमा धुऊन झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"आता कोण येतंय घर बघायला?"

"बँकेतले एक आहेत. रविवारी येतायत."

"रविवारी ने? येऊ देत."

रविवार म्हणजे काकूंचा बोंबलांचा मोठा दिवस. त्या रविवारी भिंतीपलीकडे गॅस पेटलाच नाही. काकू उजाडताच आमच्याकडे आल्या. आईला त्यांनी मांडवीला जा म्हटलं, आई गेली नाही, आणि त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. रवा स्वतः भाजला, तूप सढळ हाताने घालून. बँकेतले गृहस्थ आणि त्यांची पत्नी हिंचक्यावर बसले ते बसूनच राहिले. "एकदम सरस," पत्नी म्हणाली. काकू पाणी घेऊन बाहेर आल्या, तेव्हा दादांनी या आमच्या शेजारीण म्हणून ओळख करून दिली. आम्ही माणसं कशी आहोत, ते गृहस्थांनी आमच्यादेखतच त्यांना विचारलं, "बेन, आ लोको केवा छे?"

काकूंनी तांब्या खाली ठेवला. "बहु सारा," त्यांनी आमच्या चांगुलपणाची ग्वाही दिली. मग आईकडे बघत मराठीत म्हणाल्या, "मी तर यांना जाऊच देणार नव्हते."

शेजारणीने चार गोड शब्द बोलायचे असतात, तसंच हे असेल असं वाटून गृहस्थ हसले आणि दादांचा हात हातात घेऊन, घर नक्की, असं म्हणाले. मला हवं होतं ते झालं होतं, आणि मला काकूंकडे बघवेना.