बद्द आवाज

विद्यापीठाच्या संशोधनासाठी मी उमरग्याजवळच्या दगडखाणींवर फॉर्म भरत हिंडत होतो. खाणी चालूनही माती, पाणी, माणसं टिकतील कशी, हा विषय. तिथं दगड फोडणारे ते भेटले. साठीचे असतील, पापण्यांवरसुद्धा पांढरी धूळ. नाव लिहायचं नाही, असा आमचा नियमच होता.

फोडण्याआधी ते प्रत्येक दगड हातोडीनं दोनदा हलकेच ठोकायचे आणि कान द्यायचे. खणखणीत वाजला तर घाव घालायचे. बद्द वाजला तर बाजूला सारायचे. "आतनं तडकलाय. वरनं दिसत न्हाय," म्हणायचे.

"छातीचा, दमाचा काही त्रास?" मी फॉर्ममधलं वाचलं.

त्यांनी शेजारी उभ्या मुकादमाकडं बघितलं. "न्हाय."

मी 'नाही' लिहून फॉर्म पिशवीत टाकला.

मुकादम पाणी प्यायला गेला, तसा त्यांनी माझा हात धरला, मूठ वळवली आणि स्वतःच्या बरगडीवर दोनदा ठोकली.

"आता सांगा सायेब, कसा वाजतोय?"

मी हात सोडवून घेतला आणि जीपकडं निघालो. जीपवाला हॉर्न देत होता आणि फॉर्म पुन्हा बाहेर काढायचा मला कंटाळा आला. दुसरं काही कारण नव्हतं.

पुढच्या वर्षी छापलेला अहवाल द्यायला गेलो. त्यांच्या जागी दुसराच माणूस बसला होता. त्यांच्याबद्दल विचारलं.

"ते गेले की, उन्हाळ्यात. लई खोकायचे," हातोडी न थांबवता तो म्हणाला.

माझ्या हातातल्या अहवालात त्या खाणीपुढं छापलं होतं: श्वसनाचा त्रास – नाही.