लाल आकडा

माझं शिवणकामाचं दुकान अमळनेर-धुळे रस्त्याला चिकटून आहे. मशीनवर बसलं की समोर रस्ता, रस्त्यापलीकडे निंबाचं झाड, आणि त्या झाडाशेजारी तो वेग दाखवणारा फलक. त्याच्याकडे बघत बघत मी किती ब्लाउज शिवले असतील, सांगता येणार नाही.

फलक कुणी सुखासुखी लावला नव्हता. रस्ता रुंद झाला तेव्हा गावाचे दोन तुकडे झाले. घरं अलीकडे राहिली, शाळा आणि निम्मी शेतं पलीकडे गेली. गुळगुळीत डांबर पाहून मोटारसायकलवाल्यांच्या अंगात वारं शिरलं. त्यातल्याच एकाने शाळेतून घरी येणारी सातवीतली मुलगी उडवली. ती जागीच गेली. त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर बसलं. बायकासुद्धा बसल्या, मीही बसले. साहेब लोक आले. आम्ही गतिरोधक मागितला. ते म्हणाले, या रस्त्यावर तो नियमात बसत नाही, त्याऐवजी यंत्र लावून देऊ. काही महिन्यांनी एक खांब आला, त्यावर सोलरची पाटी आणि खाली काळा चौकोन. गाडी समोरून आली की त्यात तिचा वेग दिसायचा. हळू असेल तर हिरवा, जोरात असेल तर लाल.

पहिले काही दिवस सगळे शहाण्यासारखे चालवत होते. माझे सासरे, आबा, सायकलवरून शेतात जाताना मान वर करून आपला आकडा बघायचे. हिरवा नऊ नाहीतर दहा. घरी येऊन कौतुकाने सांगायचे. एकदा तर त्यांनी सायकल मागे नेऊन पुन्हा आणली, आकडा वाढतो का ते बघायला.

मग गावातल्या पोरांच्या लक्षात आलं, की लाल आकडा वाढवत नेता येतो.

रोज संध्याकाळी दोन-तीन गाड्या पुलापासून सुटायच्या. एक जण झाडाखाली मोबाईल धरून उभा. गाडी फलकासमोरून गेली की मोठा आकडा मोबाईलमध्ये पकडायचा आणि त्यावर गाणं लावून ग्रुपवर टाकायचं. ज्याचा आकडा मोठा त्याच्या नावाचा आठवडाभर गाजावाजा. जे यंत्र त्या मुलीच्या मरणावर आलं होतं, त्याच्यासमोर ही शर्यत. मी दुकानातून उठून दोनदा त्यांच्याकडे गेले. पोरं हसली. "काकू, तुम्ही शिलाई करा ना," एवढंच म्हणाली. सरपंचांच्या घरी जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, वय आहे, दोन वर्षांनी आपोआप शांत होतील. त्या मुलीला तेवढी वर्षं मिळाली नव्हती, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांच्या बायकोने मला चहा दिला आणि विषय बदलला.

सोलरची पाटी पुसायला एक माणूस आला होता. त्याला मी विचारलं, हे आकडे कुठे जातात, कुणाला कळतात. तो शिडीवरूनच म्हणाला, ताई, हे कुठेच जात नाहीत. दंडाची पावती पाठवणारं यंत्र वेगळं, ते मोठ्या हायवेवर. हे फक्त दाखवतं. मग हे कशाला लावलं, मी विचारलं. तो म्हणाला, जागृतीसाठी. मी त्याला पाणी दिलं, कारण ऊन होतं आणि तो बिचारा नोकर माणूस. पण आत येऊन मशीनवर बसले तेव्हा पाय इतका जोरात पडला की सुई मोडली.

दिवाळी होऊन गेली होती. दुपार उतरत होती. आबा शेतातून मक्याचा चारा घेऊन येत होते. चारा सायकलला बांधलेला, म्हणून ते सायकल हाताने ढकलत पायी येत होते. रस्त्याच्या कडेला थांबले, दोन्हीकडे पाहिलं आणि ओलांडायला निघाले. मी त्यांना बघत होते, म्हणून हे सगळं मला माहीत आहे. पुलाकडून गाडीचा आवाज आला. फलकावर लाल अठ्ठ्याण्णव उमटला. आबा रस्त्याच्या मध्यावर होते.

मी धावले तेव्हा चारा रस्ताभर पसरला होता आणि आबा त्यात पालथे पडले होते. गाडीवाला पोरगा दहा पावलांवर उठून बसला होता, कोपर खरचटलेलं. तो परका नव्हता. माझ्या थोरल्या चुलत दिरांचा मुलगा. आबांनी त्याला खांद्यावर बसवून गावची जत्रा दाखवली होती. आणि सगळ्यात आधी माझ्या कानावर जे शब्द पडले, ते त्याचे होते. झाडाखालच्या मित्राकडे बघून त्याने विचारलं,

"आकडा ऊना का?"

आबा जिवंत आहेत का, हे नाही. आकडा आला का. मित्राने मान हलवली. आला होता.

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, कमरेचंही सरकलं. धुळ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, मांडीत सळई घातली. नवरा आणि मी आळीपाळीने तिथे राहत होतो. दुसऱ्याच दिवशी चुलत दीर आणि जाऊबाई सफरचंदं घेऊन आले. जाऊबाई माझ्याजवळ बसून रडल्या. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू. मग दिरांनी नवऱ्याला जिन्यापाशी नेलं. मी मागोमाग गेले. ते म्हणत होते, "पोऱ्यानं ग्राउंड निघी गयं. आते केस व्हयनी ते बठ्ठं वाया." पोरगा पोलीस भरतीत धावण्यात पास झाला होता, लेखी परीक्षा व्हायची होती. त्यांचं म्हणणं इतकंच की जबाब घ्यायला हवालदार येतील तेव्हा सांगावं, सायकल घसरली, आबा स्वतः पडले.

मी म्हटलं, "भाऊ, माणसाला उडवणारा पोरगा पोलिसात जाऊन काय करणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नवऱ्याला म्हणाले, घरातल्या बाईला आवर. आणि नवऱ्याने मला आत जायची खूण केली.

हवालदार गावात चौकशी करून आले. त्यांनी आम्हाला सांगितलं, कुणीच काही पाहिलेलं नाही. मी पाहिलंय म्हटलं, तर म्हणाले, घरच्या माणसाचा एकट्याचा जबाब पुरा पडत नाही. झाडाखाली पार आहे, तिथे दुपारी पाच-सहा जण कायम पत्ते खेळत असतात, त्यांनीही नाही. आवाज आला म्हणून वळलो तर म्हातारा पडलेला, असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. व्हिडिओ कुणाकडे नाही. मी म्हटलं, होता, गावातल्या मोबाईल-मोबाईलवर फिरला. ते म्हणाले, वहिनी, मग एकाकडून तरी आणून द्या. मी सहा बायकांना फोन केले. माझ्याकडूनच कपडे शिवून घेणाऱ्या बायका. सगळ्यांनी पाहिला होता. सगळ्यांनी लगेच पुसून टाकला होता. एकीने तर सांगितलं, तू शहाणी आहेस, वाढवू नको, आबा आहेत ना जिवंत.

दोन दिवसांनी माझ्या फोनची बॅटरी संपली होती. औषधाच्या दुकानाला विचारायचं होतं म्हणून नवऱ्याचा फोन घेतला. दुकानाचा नंबर शोधता शोधता फोटोंमध्ये गेले आणि तो व्हिडिओ दिसला. निंबाचं झाड, रस्ता, आबांची पाठमोरी आकृती, सायकलवरचा चारा. मी तो चालू केला नाही. करण्याची गरज नव्हती. तो व्हिडिओ ज्या दिवशी आबा पडले त्या दिवसापासून नवऱ्याच्या खिशात होता. मी एकेकीला फोन करत होते तेव्हा तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून चहा पीत होता.

मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. पोरावर आला होता तो वेगळा होता. हा राग घरातला होता, त्याला कुठे ठेवू ते कळेना. मी फोन त्याच्यासमोर धरला. तो म्हणाला, "भाऊबंद आहेत. उद्या आपल्या दारात मयत झाली तर खांदा कोण देईल?" मी म्हटलं, मयत होता होता राहिली आहे, या खाटेवर पडली आहे. आमचा आवाज चढला. वॉर्डमधल्या लोकांनी माना वळवल्या. नर्सने येऊन बाहेर भांडा म्हणून सांगितलं.

आबा जागे होते. आम्हाला वाटत होतं औषधाच्या गुंगीत आहेत. त्यांनी नवऱ्याकडे हात केला आणि म्हणाले, "माले दखाड."

नवरा नको म्हणाला. त्यांनी हात खाली घेतला नाही. शेवटी मीच फोन त्यांच्या हातात दिला. चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी फोन लांब धरला. त्यांनी पूर्ण पाहिलं. स्वतःला उडताना पाहिलं. त्या व्हिडिओला कुणीतरी नाचाचं गाणं लावलं होतं, तेही त्यांनी ऐकलं. मग फोन छातीवर पालथा ठेवून ते लेकाला म्हणाले,

"मी मरनू नही, म्हनीसन बठ्ठा गप शेतस. मरी जातू ते बठ्ठा रस्तावर बठतात."

नवऱ्याने मान खाली घातली. मी खिडकीकडे तोंड केलं. ते खरंच बोलले होते, ते मेले नाहीत म्हणूनच सगळे गप्प होते. त्या मुलीसाठी आम्ही बसलो होतो, कारण मेलेल्या लेकराच्या बाजूने बसायला कुणाचं काही जात नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदार आले तेव्हा आबांनी स्वतः जबाब दिला. नातवाचं नाव घेताना अडखळले, पण घेतलं. फोन नवऱ्यानेच पुढे केला. मी त्याला सांगितलं नव्हतं. गुन्हा दाखल झाला.

त्यानंतरचं काय सांगायचं. भरतीचं काम अडकलं. पोरगा लेखीला बसला की नाही मला माहीत नाही, कुणी आम्हाला सांगत नाही. दिरांनी बोलणं सोडलं. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका सगळ्या भावकीत गेली, आमच्याकडे आली नाही. लग्नसराईत माझ्याकडे शिलाईचा ढीग असतो, यंदा अर्धासुद्धा नव्हता. आणि फलक? एका सकाळी त्याच्या तोंडावर युरियाची गोणी बांधलेली दिसली. पुढच्या आठवड्यात कुणीतरी दगड मारून काच फोडली. गावाला लाज वाटली ती अशी. पोरांची गाडी कुणी अडवली नाही, आकडा तेवढा झाकला. शर्यत आता पेट्रोल पंपापलीकडे होते, एवढाच फरक.

लोक मला समजवायला येतात. म्हणतात, देवाने आबांना वाचवलं, आता मनातून काढून टाक. जाऊबाई किराणा दुकानात दिसल्या की तोंड फिरवतात आणि मला अजूनही त्यांची कीव येते. पण राग उतरत नाही, आणि मला तो उतरवायचा नाही. पारावर बसणारे माझ्या दुकानात बटण लावून घ्यायला येतात तेव्हा मी लावून देते. रामराम घेत नाही.

आबा आता वॉकर घेऊन चालतात. शेतात त्यांना काही करता येत नाही, तरी आठवड्यातून एकदा बांधावर जायचंच असतं. मी दुकानाचं दार ओढून घेते आणि त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडते. परवा आम्ही मध्यावर होतो आणि धुळ्याकडून एक मोटारसायकल हॉर्न दाबत सुसाट आली. मी आबांचा दंड धरला आणि जागची हलले नाही. गाडीवाल्याला कचकन ब्रेक लावावा लागला. हेल्मेटची काच वर करून तो म्हणाला, मरायचं आहे का. मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आबा तोवर वॉकर उचलून एक पाऊल, मग दुसरं पाऊल टाकत होते. त्यांचं ओलांडणं पूर्ण होईपर्यंत मी त्याच्या चाकासमोर उभी राहिले.